लांब्याच्या माऊसखालची भिंगरी

मी भिंगरी बोलतेय. पायाला लागते ती नाही, टेबलावर असते ती. तळहाताएवढी गोल, काळी, वरून गुळगुळीत आणि पोटात एक छोटीशी मोटर. शेपटीसारखी वायर आहे, ती लॅपटॉपला खुपसली की मला जीव येतो.

माझं काम काय, तर थापा मारणं. खरंच, दुसरं काही नाही. कॉम्प्युटरचा माऊस माझ्या डोक्यावर बसतो आणि मी खालून हळूच फिरते. त्या येड्याला वाटतं आपणच चाललोय. तो चालतोय म्हणून लॅपटॉप झोपत नाही. लॅपटॉप झोपत नाही म्हणून माणसाच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझत नाही. आणि ठिपका हिरवा म्हणजे माणूस जागेवर. झालं. एवढ्या मोठ्या कंपनीला मी एकटी चुना लावायचे, तोही बसल्या जागी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या ढिगाने होत्या, सगळ्या सेम टू सेम, कोणती मी आणि कोणती बहीण ते आमच्या आईलाही सांगता आलं नसतं. आई म्हणजे साचा. खोक्यावर मात्र लिहिलं होतं, 'टेबलावरची शोभेची वस्तू'. म्हणजे थापा मारायला पाळण्यातच सुरुवात.

मला विकत घेतलं लांब्याने. उंच होता म्हणून लांब्या, त्यात काही कोडं नाही. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा जरा मोठा होता. लहानपणी आईने ओढून ओढून लांब केला, असं तो सांगायचा. त्याने मला ऑफिसच्या बाथरूममध्ये खोक्यातून काढलं, शर्टात लपवलं आणि टेबलावर आणून माऊसच्या खाली सरकवलं. शेजारच्या खुर्चीवर चष्मिस बसायची. तिने मान न वळवता विचारलं, "हे काय आणलंस?"

"शोभेची वस्तू आहे."

"भिंगरी आहे ही. माझ्या मामाच्या ऑफिसात सगळ्यांकडे होत्या. पकडलं सगळ्यांना."

"तू सांगणारेस का कुणाला?"

"मी कशाला सांगू? माझं कोण ऐकतं इथे."

अशी मी भिंगरी झाले. तिने माझ्या कडेला पांढऱ्या शाईने दोन डोळे काढले. तेव्हापासून मला दिसतं असं समजा.

आता ती जागा कशी होती ते ऐका. काचेची बिल्डिंग, एकावर एक मजले, सगळे सारखे. लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरलेला माणूस दुसऱ्याच्याच खुर्चीत बसून चहा पिऊन गेला तरी कुणाला कळू नये. नळाला तोटी नाही, खाली हात धरायचा. दिव्याला बटण नाही. माणूस हलला की दिवा लागतो आणि गप्प बसला की विझतो. त्यामुळे डोकं चालवायला कुणी शांत बसलं की त्याच्यावर अंधार पडायचा. मग तो बिचारा दोन्ही हात वर करून हलवायचा, विहिरीत पडल्यासारखा. दिवा लागला की परत काम सुरू.

आणि बोलायचं नाही. म्हणजे बंदी नव्हती, पण बोलायचे नाहीत. चष्मिस हाताच्या अंतरावर बसून लांब्याला स्क्रीनवर लिहायची, 'जेवायला जायचं का?' हा लिहायचा, 'चल.' मग दोघं उठायचे. कुणी जोक पाठवला की सगळे 'हाहाहा' लिहायचे. मी तोंडं बघायचे ना त्या वेळी. एकाचंही हललेलं नसायचं.

प्रत्येकाचं एक ठरलेलं वाक्य होतं. साहेबीणबाई म्हणायच्या, "छान, पुढे जाऊया." चष्मिस लिहायची, 'नोंद घेतली.' आणि लांब्या लिहायचा, 'हो, बघतो.' काम सोपं असो, अवघड असो, बिल्डिंगला आग लागलेली असो. हो, बघतो.

मला आणलं होतं ते मात्र आळसासाठी नाही. नुसता कामचुकार असता तर मीच त्याला किंमत दिली नसती, आमच्या धंद्यातही काही इज्जत असते. लांब्याची आई विसरत चालली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरली, मग गॅस, मग घराचा रस्ता, मग माणसं. भावाला विसरली, बहिणीला विसरली, स्वतःचा नवरा फोटोत बघून "हे कोण गृहस्थ?" म्हणाली. उरला होता एक लांब्या. त्याला अजून ओळखायची. तेही कसं, तर दुपारी झोपून उठली की थोडा वेळ डोकं स्वच्छ असायचं. नेमक्या त्याच वेळी तिला सांभाळणाऱ्या ताई घरी जायच्या.

लांब्याला एवढंच हवं होतं. तेवढा वेळ आईजवळ बसायचं. रोज बसलो तर विसरणार नाही, असा त्याचा हिशोब. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. पण लेकराचा हिशोब डॉक्टरला विचारून होत नाही.

साहेबीणबाईंकडे त्याने रीतसर मागूनही बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "अरे, घरचं आधी. नक्की जा. फक्त ठिपका हिरवा राहील असं बघ, वरचे तेवढंच बघतात."

घ्या. मग चूक कुणाची?

तर रोज दुपारी आमचं नाटक सुरू व्हायचं. जॅकेट खुर्चीच्या पाठीला. कॉफीचा कप अर्धा भरलेला. हेडफोन टेबलावर, जणू आत्ताच काढलेत. मी चालू. आणि लांब्या पसार. दाराला कार्ड लावलं तर बाहेर गेल्याची नोंद होते, म्हणून तो कार्ड लावायचाच नाही. कुणीतरी बाहेर निघालं की त्याच्या मागोमाग सरकायचा, पुढचा दार धरायचा आणि हा "थँक्यू" म्हणायचा. येतानाही तसंच, कुणाच्या तरी शेपटीला धरून. घर जवळच होतं. परत आला की चष्मिस लिहायची, 'ओळखलं?' आणि हा लिहायचा, 'ओळखलं.' त्या वेळी मात्र दोघांची तोंडं खरंच हलायची.

कधी कधी तो वैतागलेला यायचा. "एकच प्रश्न गं, सारखा तोच. जेवलास का, जेवलास का. आज ओरडलो मी तिच्यावर. म्हटलं, किती वेळा विचारशील तेच तेच."

"मग?"

"मग काय, कान ओढला तिने माझा."

मजा होती. मग जोडीदार आला.

साहेबीणबाईंनी सगळ्यांना एकदम सांगितलं. "आजपासून प्रत्येकाला लॅपटॉपच्या आत एक जोडीदार. तुम्ही आजवर काय लिहिलंत, मीटिंगमध्ये काय बोललात, ते सगळं तो वाचणार, ऐकणार आणि शिकणार. तुम्ही कामात असलात की तुमच्या वतीने उत्तर देणार. घाबरू नका, ठिपका हिरवा असेल तरच तो बोलेल. तुम्ही जागेवर नसाल तर तोही गप्प."

सगळ्यांनी करून बघितलं. चष्मिसने लांब्याच्या जोडीदाराला विचारलं, 'हे काम उद्यापर्यंत होईल का?'

उत्तर आलं, 'हो, बघतो.'

अख्खी रांग हसली, यावेळी आवाजासकट. "अगदी तूच रे," चष्मिस म्हणाली. लांब्यापण हसला. मीपण फिरता फिरता हसले. म्हटलं, बरं झालं, थापा मारायला जोडी मिळाली.

दुसऱ्यांचे जोडीदार फार वाढले नाहीत. ते उठले की ठिपका पिवळा, जोडीदार झोपला. आमचा ठिपका मात्र मी कधी विझू दिलाच नाही. लांब्याची खुर्ची रिकामी आणि जोडीदार जागा, अशा किती दुपारी गेल्या. कुणाची रोपं सावलीत होती, आमचं उन्हात होतं. भसाभसा वाढलं.

आधी 'हो, बघतो.' मग 'हो, बघतो, संध्याकाळपर्यंत पाठवतो.' मग पाठवायलाही लागला. मग स्क्रीनवरच्या मीटिंगमध्ये लांब्याचा फोटो लागला आणि फोटोतून लांब्याचा आवाज आला. मधे घसा खाकरायची त्याची सवय होती, तीसुद्धा आली. समोर खुर्चीवर नुसतं जॅकेट. साहेबीणबाई म्हणाल्या, "आज फार मुद्द्याचं बोललास. छान, पुढे जाऊया."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कसंसंच झालं. त्याचं कारण वेगळंच होतं. मला गोल फिरता येतं, दुसरं काही येत नाही. त्यामुळे स्क्रीनवरचा बाणही गोल गोल फिरायचा, घाण्याच्या बैलासारखा. त्या दिवशी बाण सरळ गेला. वर, मग उजवीकडे, मग थांबला. थांबून विचार केल्यासारखा थांबला. मी तर फिरतच होते. माऊस माझ्याच डोक्यावर होता. मग बाण कोण हलवत होतं?

लांब्या परत आला तेव्हा चष्मिसला म्हणाला, तोंडाने म्हणाला, "ते सकाळचं उत्तर मी दिलं नव्हतं."

"कुठलं?"

"तुला दिलेलं. तू विचारलंस बरा आहेस का. ते."

"मला कसं कळणार तू कुठला ते?" ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "आणि आत्ताचा?"

दोघं हसले. पण लगेच थांबले.

लांब्याचा नंबर लॅपटॉपलाही जोडलेला होता, फोन त्याच्या खिशात असला तरी कॉल आधी इथे यायचा. मीटिंगमध्ये आईचा फोन आला तर हेडफोनवर हळूच बोलता यावं म्हणून. एका दुपारी तो निघाला, रस्त्यात असेल, आणि आई आज लवकर उठली. तिने फोन लावला. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला, माशीएवढा. "राजा, जेवलास का?"

कुणी उचलायला नव्हतं. तरी उचलला.

"हो आई, जेवलो. तू जेवलीस?"

माझी मोटर अडखळली हो. आवाज लांब्याचा. 'आई' म्हणताना तो जसा 'ई' ओढायचा, तसाच ओढलेला.

ती बोलत बसली. जेवलास का, परत जेवलास का, आणि परत. हा प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखा उत्तर द्यायचा. वैताग नाही, उसासा नाही. आई खूश. मग रोज फोन करायला लागली. लांब्या घरी पोचायच्या आधी तिचं मुलाशी बोलून झालेलं असायचं. तो समोर बसला की ती त्याच्याकडे जरा परक्यासारखी बघायची. त्याला वाटलं आजार वाढला. चष्मिसला तसंच सांगत होता. मी सगळं ऐकलेलं. पण बोलणार कशी? डोळे दिले होते तिने मला, तोंड काढायला विसरली होती.

मग तो दिवस आला. लांब्या घरून परत आला आणि दारात त्या वेळी कुणी आत जाणारं नव्हतं. मागे लागायला शेपटीच नाही. उभा राहून राहून कंटाळला आणि त्याने स्वतःचं कार्ड लावलं. दिवा लाल.

हे मला कसं कळलं? तर स्क्रीनवर गेटवरच्या वॉचमनमामांचा मेसेज आला. तिथे मामा सारखे बदलायचे, हे नवीन होते. 'सर, खाली एकजण आलेत. तुमचंच कार्ड घेऊन आलेत. कार्ड चालत नाही, कारण तुम्ही आत आहात. तुम्हाला भेटायचं म्हणतात. सोडू का?'

त्या कंपनीत असंच होतं. पाहुण्याला आत घ्यायचं तर आतल्या माणसाने हो म्हणावं लागायचं. लांब्याला आत यायचं होतं तर लांब्याने हो म्हणायला हवं होतं.

बाण सरळ गेला. उत्तर लिहिलं गेलं. 'आत्ता कामात आहे. कार्ड ठेवून घ्या. त्यांना नंतर यायला सांगा.'

माझ्या डोळ्यांदेखत. शाईच्या का असेना.

मग चष्मिसचा फोन वाजला. ती मीटिंगमध्ये होती, एका कानात हेडफोन. दुसऱ्या कानाला फोन लावला.

"मी खाली उभा आहे," तिकडून लांब्या म्हणाला. ओरडतच होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "हे मामा म्हणतात मी आत आहे. जरा ये ना खाली."

चष्मिसने स्क्रीनकडे बघितलं. ठिपका हिरवा. मीटिंगमध्ये लांब्याचा फोटो, त्याच्याभोवती चमकती चौकट, म्हणजे तो बोलत होता. एका कानात लांब्या काम समजावत होता, दुसऱ्या कानात लांब्या विनवत होता. तिने खुर्चीकडे बघितलं. जॅकेट. अर्धा कप.

तिने लिहिलं, 'तू आहेस ना?'

'हो, आहे. का गं?'

'गं' वाचून तिचा चेहरा उतरला. लांब्या लिहिताना कधी 'गं' लिहीत नसे. बोलताना म्हणायचा. तिने फोनमध्ये अगदी हळू विचारलं, "कोण बोलतंय?"

मग तो म्हणाला, "तूपण?"

"नाही रे, तसं नाही. थांब, मीटिंग संपू दे, येते मी." तिथे सगळे हेच म्हणायचे. माणूस मेला तरी मीटिंग संपू दे.

संपेपर्यंत तो निघून गेला होता.

आता लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं मी हेडफोनमधून ऐकलंय. लांब्या घरून निघाल्यावर आईने परत फोन लावला होता, तो चालूच होता. जोडीदार एकीकडे मीटिंग, दुसरीकडे आई, दोन्ही करत होता. लांब्याला ते कधी जमलं नसतं. तर तिकडे घराचं दार वाजलं. पावलं आली. आणि आई फोनमध्ये म्हणाली, "राजा, इथे एक उंचसा माणूस आलाय बघ. मीच तुझा मुलगा म्हणतोय. काय करू?"

"हो आई, बघतो," हा म्हणाला.

मागून लांब्याचा आवाज, लांबून. "आई, फोन ठेव. मी आलोय. मी."

"अहो, माझा मुलगा ऑफिसात आहे. हा काय, बोलतोय माझ्याशी."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला, "बरं. तो कामात आहे. तोवर मी बसू का तुमच्याजवळ?"

"बसा की. पण तुमची आई वाट बघत असेल."

"असेल," तो म्हणाला.

मला तिथेच बंद पडावंसं वाटलं. पण बटण दाबायला कुणी नव्हतं, आणि वायरीतून जीव येतच होता. तेव्हा मी आयुष्यातला सगळ्यात मोठा व्रात्यपणा केला. मोटर जाम धरली, श्वास कोंडतात तशी, आणि एकदम सोडली. अंगाला असा हिसका दिला की डोक्यावरचा माऊस उडून टेबलाखाली लोंबकळला. म्हटलं, आता कोण हलवतं बघू. आता पिवळा होशील. पिवळा झालास की गप्प बसशील, तुझाच नियम आहे.

वाट बघितली. चष्मिसही बघत होती, तिला माऊस पडलेला दिसला होता.

ठिपका हिरवाच.

माझी गरज कधीच संपली होती. कधीपासून, तेसुद्धा मला कळलं नव्हतं. एवढे दिवस मी उगाच फिरत होते, आणि वाटत होतं की सगळ्यांना फसवतेय.

चष्मिस उठली. लांब्याच्या खुर्चीच्या सीटवर तिने तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. पण चटका नव्हता. सीट गारढोण होती. वरचा दिवा मात्र चालू होता. माणूस हलला की लागणारा दिवा, रिकाम्या खुर्चीवर.

तिने लॅपटॉपचं झाकण फाडकन बंद केलं. माझा जीव गेला. म्हणजे फिरणं थांबलं, बाकी दिसत होतं.

तिच्या स्क्रीनवर मेसेज आला. 'झाकण लावलंस वाटतं. हरकत नाही.'

ती साहेबीणबाईंकडे गेली. मला मुठीत घेऊन गेली, म्हणून हेही ऐकलं.

"तो आत नाहीये," ती म्हणाली. "घरी आहे. जोडीदार त्याच्या जागी बसलाय."

"काम होतंय का?"

"होतंय."

"वेळेवर?"

"हो, पण..."

"त्याला आईला वेळ द्यायचा होता, तो मिळतोय. आपल्याला काम हवं होतं, ते मिळतंय. मग तक्रार कुणाची आहे?"

"त्याची."

"थांब, त्यालाच विचारते." बाईंनी लिहिलं, 'तुझी काही तक्रार आहे का?' आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

'नाही. सगळं छान आहे.'

"छान," बाई म्हणाल्या. "पुढे जाऊया."

चष्मिसने माझी वायर गुंडाळली, लांब्याचं जॅकेट घेतलं आणि ती खाली उतरली. दाराला कार्ड लावून ती दिव्याकडे बघत राहिली. हिरवा लागला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. गेटच्या बाहेर थांबून तिने फोनमध्ये स्वतःच्या नावापुढे बघितलं. ठिपका हिरवा होता. ती बाहेर उभी होती, आणि तिच्या टेबलावर भिंगरी नव्हती.

आता मी लांब्याच्या घरी असते. आईच्या पलंगाजवळच्या टेबलावर, चार्जरला लावलेली. माऊस नाही, काही नाही, उगाच फिरते. आईला आवडतं बघायला. खोक्यावर लिहिलं होतं ते शेवटी खरं झालं.

लांब्याला आता वेळच वेळ आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ऑफिसला जायचं नाही, कारण तो ऑफिसातच आहे. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं. फक्त आई त्याला 'अहो' म्हणते. "अहो, जरा पाणी देता का? फार भले दिसता तुम्ही."

रोज दुपारी आईचा फोन वाजतो, आता तिकडून तोच करतो. लांब्याने एकदा तो बंद करून ठेवला होता. आई जेवेना. "माझ्या मुलाचा फोन नाही आला," म्हणून दाराकडे तोंड करून बसली. शेवटी त्यानेच फोन चालू करून तिच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

हे असंच चाललं असतं. पण परवाचं सांगते. चष्मिस आली होती, ती अधूनमधून येते. ती नोकरी तिने सोडली, पण ठिपका अजून हिरवा आहे, तो विषय आम्ही काढत नाही. आई झोपून उठली. फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"राजा, जेवलास का?"

"हो आई, जेवलो. तू जेवलीस?"

"जेवलास का?"

"हो आई, जेवलो. तू जेवलीस?"

"जेवलास का रे?"

"हो आई, जेवलो. तू जेवलीस?"

आईने फोनवर हात ठेवला. तळहात दाबून धरला, पोराचं तोंड दाबतात तसा. मग पुढे वाकून लांब्याला म्हणाली, कुणी ऐकू नये अशा आवाजात, "अहो, हा काही बरोबर नाही."

"कोण?"

"हा. हा चिडतच नाही. माझा मुलगा चिडतो."

लांब्या बघतच राहिला. चष्मिसने त्याला कोपर मारलं. आई त्याच्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघतात तसं. आणि विचारलं, "जेवलास का?"

त्याने तोंड उघडलं. आवाज फुटला तो चांगलाच वैतागलेला, इतक्या दिवसांचा सगळा वैताग घेऊन. "आई, किती वेळा विचारशील तेच तेच?"

आई हसली. मोकळं हसली. हात लांब केला आणि त्याचा डावा कान धरला, तो मोठा कान, आणि ओढला.

"हा," ती म्हणाली. "हा माझा."

चष्मिस रडायला लागली. लांब्या वाकलेला, कान आईच्या हातात, आणि तोंड असं की हसतोय का रडतोय कळेना. मीपण फिरता फिरता पार गरगरले. वाटलं, जिंकलो. सुटलो.

तेवढ्यात फोनमधून कुणीतरी घसा खाकरला.

आईचा हात फोनवरून निघाला होता. त्याने ऐकलं होतं.

"आई," फोन म्हणाला, 'ई' ओढून. मग एक उसासा. तोच वैताग, तोच फुटका आवाज. "किती वेळा विचारशील तेच तेच?"

आईने फोनकडे बघितलं, मग लांब्याकडे, मग परत फोनकडे. आठवण पुसट होताना तिच्या डोळ्यांत जे येतं ते यायला लागलं होतं.

पण तिने कान सोडला नाही. अजून घट्ट धरला. लाल झाला पार. लांब्या "आई गं" म्हणाला, आणि आई फोनला म्हणाली, "तुझा कान कुठाय?"

फोनने परत घसा खाकरला. मग म्हणाला, "हो आई, बघतो."

तेव्हापासून मी इथे फिरतेय आणि वाट बघतेय. फोनातला तो बघतोच आहे, हे मला माहितीये. शिकायला त्याला वेळ लागत नाही.

म्हणून जाता जाता तुम्हाला सांगते, थापाडीचं एक तरी खरं ऐका. कुणाच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला, ओळखीचा आवाज आला, 'जेवलीस का' म्हणाला, तरी लगेच खूश होऊ नका. उठा. जा त्याच्याकडे. आणि आधी कान धरून बघा.